बाटल्या हुंगणारी मालन

मालन धुरीने सव्वीस वर्षं बिअरच्या कारखान्यात नोकरी केली आणि बिअरचा एक थेंबही कधी तोंडात घेतला नाही. तिचं काम रिकाम्या बाटल्यांचं. भंगारवाल्यांकडून परत आलेल्या बाटल्या धुवायला जाण्याआधी पट्ट्यावरून सरकत यायच्या आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या बायका त्या उचलून हुंगायच्या. लोक रिकाम्या बाटलीत काय भरून ठेवतील याचा नेम नाही. रॉकेल, फिनेल, टर्पेंटाइन, एकदा तर ढेकणांचं औषध. रॉकेलची बाटली उकळत्या पाण्यातून काढली तरी वास सोडत नाही. ती बाजूला काढून फोडायची. दर दहा-बारा बाटल्यांनंतर मालन स्वतःचा पदर हुंगायची, म्हणजे नाक पुन्हा कोरं व्हायचं. या नोकरीपायी तिने डोक्याला वासाचं तेल लावलं नाही, गजरा माळला नाही, डब्यात कच्चा कांदा नेला नाही. नवरा लवू गिरणी बंद पडल्यापासून घरी बसला होता. चोचले करायची सोय नव्हती.

पुढे कारखाना बंद झाला. लवूही गेला. मालन घाटकोपरच्या भटवाडीत लेक जान्हवी आणि जावई हर्षद यांच्याकडे राहायला आली.

हर्षद अंधेरीच्या एका कंपनीत होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला मुलुंडच्या चंद्रप्रकाशची संगत लागली होती. हा चंद्रप्रकाश स्वतःला बिअरचा जाणकार म्हणवायचा. मोबाइलवर बिअरना तारे द्यायचा. शनिवार-रविवारी चार लोकांना गोळा करून छोट्या छोट्या ब्रुअरी पालथ्या घालायच्या, प्रत्येक ठिकाणी घोट-घोट चाखायचं आणि त्यावर अर्धा तास बोलायचं, हा त्याचा उद्योग. अशाच एका शनिवारी पुण्याच्या बाजूला जायचं ठरलं. गाडी जान्हवी चालवणार होती, कारण ती पीत नसे. मालनची बहीण शुभा तळेगावला राहते. "आई, वाटेतच आहे, तुम्हाला मावशींकडे सोडतो," हर्षद म्हणाला आणि मालन पिशवी घेऊन मागच्या सीटवर बसली.

चंद्रप्रकाश शेजारी येऊन बसताच तिचं डोकं उठलं. गड्याने अंगावर अर्धी बाटली सेंट ओतलं होतं. तिने काच खाली केली. तो म्हणाला, "काकू, एसी चालू आहे." ती म्हणाली, "मग बंद करा."

अंगावर एवढं सेंट थापून हा माणूस वास घ्यायला निघालाय! मालनला वाटलं, आमच्या पट्ट्यावर असता तर पहिल्याच दिवशी हाकलला असता. खोपोलीपर्यंत तो बोलतच होता. कुठल्या बिअरमध्ये पाइनच्या जंगलाचा वास असतो, कुठलीत ओल्या चामड्याचा. हर्षद मान डोलावत होता. पाइनचं जंगल या दोघांपैकी कोणी पाहिलं होतं देव जाणे. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पहिला मुक्काम घाट चढून गेल्यावर. "दहा मिनिटं फक्त," हर्षद म्हणाला. लाकडी फळीला भोकं पाडून त्यात सहा इवलेसे ग्लास बसवलेले आले. औषधाच्या टोपणाएवढं माप, आणि थाट मात्र पंचामृताचा. चंद्रप्रकाश ग्लास फिरवी, डोळे मिटी, नाक खुपसी, मग "हं" करी. शेवटी त्याने एक ग्लास मालनपुढे धरला. "काकू, तुम्ही तर बिअरच्या कारखान्यात होता ना? वास तरी घ्या."

मालनने एकदाच हुंगलं. "नासलीय."

टेबलावर हशा पिकला. चंद्रप्रकाश तर रडेपर्यंत हसला. "काकू, ही सावर बिअर! मुद्दाम आंबट करतात. त्यासाठी वेगळे जंतू सोडतात."

"मुद्दाम?"

"मुद्दाम! हीच तर यांची खासियत."

"आमच्याकडे ही टाकी गटारात सोडली असती आणि सुपरवायझरला घरी बसवलं असतं."

ते पुन्हा हसले. जान्हवीने आईचा हात दाबला, पण मालनला तो दाबलेला हातच जास्त लागला. म्हणजे लेकीलाही आपली कीव आली तर. नासवून विकायचं आणि त्याला नाव द्यायचं, हे तिला ठाऊक नव्हतं, एवढाच तिचा गुन्हा. ती बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली. दहा मिनिटांचा दीड तास झाला.

तळेगाव आलं आणि गेलं. "आई, पुढच्या जागी जेवणाची वेळ गाठायचीय. येताना नक्की सोडतो." शुभाने तिच्यासाठी सुरमई आणून ठेवली होती.

दुसरी जागा बाणेरच्या पुढे. वर पत्रे, मधे काचेची भिंत, काचेमागे चकचकीत टाक्या. पुन्हा फळी, पुन्हा सहा ग्लास. दोन-तीन चाखून झाल्यावर वेटर एक फिकट पिवळी बिअर घेऊन आला. नुकतंच नवं पिंप जोडलंय, पहिले ग्लास तुमचेच, म्हणाला. चंद्रप्रकाशने मोठा घोट घेतला, तोंडात खेळवला. "वा! किती स्वच्छ! जिभेवर थोडी चुरचुर, खनिज पाण्यासारखी. हर्षद, घे."

वास मालनपर्यंत आपोआप आला. तो तिला न ओळखता येणं शक्यच नव्हतं. बाटल्या धुवायच्या मशीनजवळून जाताना सव्वीस वर्षं हाच वास नाकात बसायचा. मघाचं हसणं कानात होतंच, आणि पुन्हा शोभा करून घ्यायची हौस तिला नव्हती. पण हर्षदने ग्लास ओठांशी नेला.

तिने ग्लासच्या तोंडावर सरळ पंजा ठेवला. जावयाच्या तोंडापुढे असा हात तिने जन्मात कधी आणला नव्हता.

"पिऊ नका. धुवायचं औषध आहे यात."

"आई, प्लीज," हर्षद दबक्या आवाजात म्हणाला, "लोक बघतायत."

"काकू, ही पण नासली का?" चंद्रप्रकाश हसत म्हणाला.

तेव्हा मात्र मालनच्या तोंडून मालवणी सुटली. "माका कायेक कळणा नाय असा वाटता तुमका? बोट बुडव त्यात! बुडव नि चोळ!" आणि तिने स्वतःच दोन बोटं बुडवून जान्हवीच्या तळहातावर घासली. जान्हवी चपापली. "आई, साबणासारखं बुळबुळीत लागतंय गं."

आरडाओरडा ऐकून काचेमागून एक बाई आली. पायात गमबूट, हात कोपरापर्यंत ओले, अंगाला कसलाही सुगंध नाही. रुचिरा, तिथली बिअर बनवणारी. तिने वाद घातला नाही. ग्लास हुंगला, दोन थेंब बोटांवर चोळून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. "नळ बंद करा!" ती ओरडली. "ज्यांच्या हातात ही बिअर आहे, कोणी पिऊ नका!"

मालक धावत आला, शनिवारची गर्दी आहे म्हणून कुरकुरला. रुचिराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. सकाळी पाइप धुताना कॉस्टिक सोड्याचं धुवायचं औषध फिरवलं होतं आणि मग साधं पाणी सोडायचं राहून गेलं होतं. फक्त त्यांच्याच टेबलावर ग्लास आले होते आणि प्याला होता एकटा चंद्रप्रकाश. त्याच्या जिभेला आता चांगलीच आग लागली होती. रुचिरा त्याला चुळा भरायला घेऊन गेली, मग दवाखान्यात. जीभ पांढरी पडली होती, पण घसा वाचला. डॉक्टरांनी चार दिवस मऊ भात खायला आणि कमी बोलायला सांगितलं. दुसरी शिक्षा मालनला विशेष आवडली.

संध्याकाळी ते तळेगावला पोचले. सुरमई गार झाली होती. हर्षद उंबऱ्यात घुटमळला. "आई, मी तुमचं ऐकायला हवं होतं."

"दुपारी ऐकायचं होतं," मालन म्हणाली आणि आत गेली.

तीन दिवसांनी चंद्रप्रकाशने त्यांच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. एका ब्रुअरीतली गंभीर चूक त्याच्या तयार जिभेने पहिल्या घोटातच कशी पकडली आणि इतरांना कसं वाचवलं. हर्षदने तो वाचला आणि फोन ठेवून दिला. जान्हवीने वाचला आणि खाली दोन ओळी लिहिल्या, चूक खरी कोणी पकडली ते नावानिशी. चंद्रप्रकाश ग्रुपमधून बाहेर पडला. मालनने हे ऐकून विचारलं, "जीभ बरी झाली वाटतं?"

त्याच आठवड्यात रुचिराचा फोन आला. "काकू, माझ्या माणसांना हुंगायला शिकवाल?"

मालनने आधी तिला फैलावर घेतलं. "पाणी फिरवल्यावर बघतं कोण?"

"पाण्यात औषध उरलंय का ते दाखवणारा मीटर आहे आमच्याकडे, काकू."

"मग त्या दिवशी मीटरला सर्दी झाली होती का?"

रुचिरा म्हणाली, "कोणी लावलाच नाही." या खऱ्या उत्तरावर मालन राजी झाली. शुभाकडे मुक्काम करून ती तीन दिवस बाणेरला गेली. समोर रुचिरा धरून सहा जण होते. तिने बाटल्या मांडल्या. एकीत थेंबभर रॉकेल घालून धुतलेलं, एकीत फिनेल, एकीत काहीच नाही. पहिल्या दिवशी सहाही जणांनी कोऱ्या बाटलीत व्हॅनिला शोधला.

तिसऱ्या दिवशी एकट्या रुचिराला रॉकेल ओळखता आलं. उरलेल्या पाच जणांबद्दल मालनचं मत आजही वाईट आहे, आणि ते विचारणाऱ्याला ती न लपवता सांगते.