यशिमेबेतचा डावा खांदा

माझी थोरली बहीण यशिमेबेत इथिओपियातल्या आमच्या गोंदर गावच्या लग्नांत तीस वर्षं नाचली. आमच्याकडे नाच पायांत नसतो, खांद्यांत असतो. गेल्या वर्षी ती नाचतानाच कोसळली. नाडी पस्तिसावर आलेली. डाव्या बाजूला छातीत पेसमेकर बसवला आणि डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेऊ नका."

ताईनं आठ महिने नेला नाही. पांढऱ्या शालीत हात बांधून बसायची. कॉफीची सुरईसुद्धा उचलेना. "पेसमेकरची तार निसटली तर मी गेले गं." मी तोंडानं म्हणायचे, "नाटकं पुरे." आतून तीच भीती मलाही खायची. आईबाप गेल्यावर मला हिनंच वाढवलं. ही गेली तर मला माहेरचं कोण आहे?

शेवटी ओढतच तपासणीला नेलं. डॉक्टर वैतागले. "तार केव्हाच पक्की झालीय. खांदा मात्र तुम्ही आखडवून ठेवलात. रोज चाला. हात थोडाथोडा वर न्या. पुढे नाचासुद्धा, पण बेतानं. बोलता येईल इतपतच दमायचं. बोलणं तुटलं किंवा चक्कर आली की थांबायचं."

बोलणं म्हणजे आमचं भांडण. रोज सकाळी किल्ल्याच्या भिंतीकडेनं चालताना ती माझ्या स्वयंपाकाचे वाभाडे काढायची. मधेच गप्प झाली की मी तिची शाल ओढायचे.

"बोल ना गं काहीतरी."

"काय बोलू? तुझ्या इंजेराच्या भाकरीला जाळी पडत नाही, मेले."

मग माझा जीव भांड्यात पडायचा.

चार महिन्यांनी माझ्या मुलीचं लग्न निघालं. गवयानं ताईला हेरलं आणि गाण्यातच टोमणा मारला, "खांदे काय माहेरी ठेवून आलीस?" ताई उठली. आधी उजवा खांदा हलला, मग डावा. नाचता नाचता ती त्याला उलट टोमणे मारत होती. मधे माणसांची भिंत होती, मला नुसता आवाज येत होता. तेवढ्यावर मी तग धरून होते.

आवाज बंद झाला.

कोपरानं माणसं ढकलत, रडत मी आत घुसले.

ताई बाकावर बसली होती. दम लागायला लागला तशी आपणहून थांबलेली. ती गर्दीत मलाच शोधत होती, आणि मला दिसावं म्हणून तिनं हात वर केला होता. डावा. पार डोक्याच्या वर.

माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "ताई, हात खाली घे."

तिनं घेतला नाही.