सोनीची गोळी सुटताना

सोनी म्हंजी माझी धाकटी जाऊ. डिंगोऱ्यात नांदायला आली तवा नुसती काडी व्हती. पुढं सांधेवातानं धरलं. बोटं सुजली, सकाळी दाराची कडी निघंना. कुणीतरी पांढरी गोळी दिली आन् काय सांगू, बाई दुसऱ्या दिवशी खुरपायला हजर! मग दुखलं की गोळी. मेडिकलवाला देतोय, ही खातीय. त्वांड गोल गरगरीत झालं. सगळी म्हणायची, "सोनीला सासर मानवलं." भावकीत मी तेवढंच मिरवून घेतलं. आमाला काय ठावं, ती गोळीची सूज व्हती!

नारायणगावच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "हाडं ठिसूळ झालीत, साखर वाढलीय. ही स्टिरॉइडची गोळी हळूहळू कमी करू. मनानं एकदम सोडू नका, जिवावर बेतेल." सांध्यांसाठी दुसरं औषध दिलं, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. सोनीला एकच धास्ती, गोळीबरूबर हातबी गेले तर?

मधी मनगटं पुन्हा ठणकली. लई रडली. म्हणलं, "ऊठ, बाईंना दाखवू." बाईंनी दुसरं औषध वाढवलं, जरा दम धरला, मग पुन्हा गोळी कमी केली.

सूज उतरली, गालाची हाडं दिसाय लागली. आन् नेमका यात्रेला निरगुडसरचा तिचा भाऊ आला, कुशाबा. उंबऱ्यातच भडकला. "गोजरबाई, माझ्या बहिणीला उपाशी ठेवता का वो? केवढी व्हती, काय झाली!" तिच्या दुखण्यावर आणलेलं त्याच पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट पिशवीतनं काढलं. "घे सोने, चार दिसांत भरशील."

माझं टाळकंच फिरलं. "पावणं, अक्कल कुठं ठेवून आलात?"

सोनीनं मला गप्प केलं. गोळ्यांचं पाकीट त्याच्याच खिशात कोंबलं. चुलीपुढं बसली, बाजरीचं पीठ मळलं आन् लागली की थापायला! भाकर ताटाएवढी, कुठं चीर न्हाई. मला तर नाचावं वाटलं.

"तुझ्या हातची भाकर..." कुशाबानं तुकडा मोडला. डोळं पुशीत खात राहिला. "दुखत न्हाई गं?"

"थोडं दुखतंय की," सोनी हसली. "पन गेल्या म्हैन्यात बाईंनी ती गोळी पार बंद केली, दादा. ही भाकर माझी मी थापलीय."

कुशाबानं दुसऱ्या भाकरीसाठी ताट पुढं केलं.