राखेतला हुलगा

उभ्या मावळात माझ्यासारखी आंबील कुणाला जमत न्हाई. आता दुसऱ्या कुणी ती कधी तोंडाला लावली न्हाई, ही गोष्ट येगळी. पण खापरावर हुलगा भाजताना जो वास उठतो ना, मातीचा, जरासा करपट, तो अजून बी कुटनं आला की मी चालता चालता थांबतो. बघा तुमी, पोट भरलेलं असलं तरी निस्त्या वासानं माणूस उपाशी का होतं?

बेडशाच्या वरच्या अंगाला आमचं घर. आमची ही चैतात गेली. जाताना सगळ्याची सोय लावून गेली, एक माझी सोडून. कणगीत नाचणी, गाडग्यांत हुलगा, गाडग्यांची तोंडं शेणानं लिंपलेली. त्या दिवसात रेशनला तांबडा मिलो, ती परदेशी जवारी, मिळायचा, पण पावसात वढा भरला की दुकान काय न् लंका काय, सारखीच लांब. मग घरातलंच दाणं पुरवायचं. हुलगा भाजायचा, नाचणीसंगं दळायचा, रातीला पीठ भिजत घालायचं, सकाळी मीठ-लसूण टाकून शिजवायचं. एवढ्यावर माणूस जगतं. आनंदानं जगतं असं मी म्हणलो न्हाई.

लेक सुमन कान्ह्याला दिलेली, जावई रेल्वेत गँगमन. बाराव्यालाच ती म्हणाली, "आबा, चला माझ्याकडं." मी म्हणलं, "मी काय कुक्कुलं बाळ हाय? हितंच राहणार." तशी डोळं पुसून म्हणाली, "बरं. नागपंचमीला येते. वाळलेलं दिसला, तर घराला कुलूप." झालं! माझं घर माझ्या गालफडांवर येऊन टांगलं.

आता आमचं जातं दोघांचं. खुंट्याला समोरासमोर हात लावायचं. लेक नांदायला गेल्यापास्नं तिच्या जागी मी बसायचो, दार लावून, म्हंजी गावानं बघू नये. आता दार सताड उघडं ठेवलं तरी बघायला कोण होतं? एकट्यानं वढलं की जातं अर्ध्यात अडायचं. पलीकडनं कोण ढकलणार? वव्या हिला यायच्या, मला कुटनं येणार! मग मी स्टेशनांची नावं घ्यायचो. कान्हे, कामशेत, मळवली, लोणावळा. लोणावळा येईपोतर पसाभर पीठ पडायचं, न् त्यातलं बी निम्मं माझ्या मांडीवर.

पीठ करडं दिसायचं. पण नाचणीचं पीठ करडंच की! दातात कचकच व्हायची. वाटायचं, जात्याला नवी टाकी लावलीय, दगडाची कच येत आसंल. आंबील आंबायची मातर न्हाई. मी म्हणायचो, वा, काय सौम्य हात हाय माझा! रोज एक वाडगा माझा, न् सवयीनं वतलेला एक तिचा. तो बी मीच प्यायचो. तरी गालफडं आपली आत आत.

नागपंचमीला सुमन आली. मी ऐटीत वाडगा पुढं केला. तिनं एक घोट घेतला न् थू करून अंगणात टाकला. मग गाडग्यात हात घातला, तो कोपरापोतर करडा होऊन वर आला.

"आबा! हुलग्याला किडा लागू नये म्हणून आईनं राख लावून ठेवलाय हा. धुवून, वाळवून मग भाजतात. तिनं सांगितलं न्हवतं?"

सांगितलं आसंल. ती लय सांगायची. मी त्यातलं जेवायला उठा एवढंच ऐकायचो.

सुमननं हुलगा धुतला, चुलीपाशी वाळवला, न् पंचमीला भाजणं-दळणं चालत न्हाई म्हणून दुसऱ्या दिवशी खापरावर टाकला. तोच वास उठला. मग ती जात्याच्या पल्याडच्या अंगाला बसली न् हात लावला. जातं असं गरगरा फिरलं, जसं काय वाटच बघत होतं. माझा हात निस्ता संगं जात होता. तवा ध्यानात आलं, की ती राख आमच्या हिच्याच चुलीची, हिनंच जुन्या लुगड्यानं चाळलेली. पाऊस लागल्यापास्नं मी हिच्याच हातचं खात होतो की!

मी म्हणलं, "सुमे, तुझ्या आईच्या हातची व्हती गं ती राख. तेवढी वाईट न्हवती."

तिनं पदरानं डोळं पुसलं, माझ्या गालफडांकडं एकदा बघितलं न् उठली.

"राखच खायची, तर माझ्या चुलीत बी लय हाय. उठा. कुलूप कुटंय?"