उरलेली एक मादी

आमच्या घरात मासे आले ते डासांमुळे. नांदेडला आमच्या अंगणात सिमेंटचा हौद होता आणि त्यात कायम अळ्या वळवळायच्या. एकदा आरोग्य खात्याची माणसं आली आणि हौदात ओंजळभर गप्पी मासे सोडून गेली. करडे, बोटाच्या पेरापेक्षा लहान. मी त्यांच्याकडे परत वळूनही बघितलं नाही. ह्यांनी मात्र बघितलं.

हे रेल्वेत होते, मुदखेडला. रोज जाऊन येऊन नोकरी केली. निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठू लागला, तेव्हा हौदाच्या काठावर बसून राहायचे. मग रंगीत माशांच्या दुकानातून नारिंगी शेपटीचा एक नर आणला आणि करड्या माद्यांमध्ये सोडला. काही महिन्यांत नारिंगी झाक असलेली पिल्लं दिसायला लागली. स्वतःच्या लेकीची कधी वेणी न घातलेला हा माणूस माशांची बाळंतपणं करायला लागला. हौद गळायला लागला तसे सगळे मासे पुढच्या खोलीत काचेच्या मोठ्या टाकीत आले.

गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, हे मला त्यांनीच सांगितलं. मादीच्या पोटाशी काळा डाग असतो. दिवस भरत आले की तो गडद होतो. तेव्हा तिला शेवाळाचा झुपका टाकून वेगळ्या बरणीत ठेवायचं आणि पिल्लं झाली की लगेच बाहेर काढायचं, नाहीतर तीच त्यांना खाते.

"असली कसली आई ओ?" मी म्हणाले.

"आईच हाय. पण तिला भूक बी हाय. तिला काय कळतंय, कुणाची हायेत ते."

नवी पिल्लं म्हणजे नुसते दोन डोळे. त्यांच्यासाठी उकडलेल्या अंड्यातलं पिवळं फडक्यातून पिळून, सुईच्या टोकावर मावेल एवढं पाण्यात सोडायचं. आणि पाणी बदलायचं ते थोडं थोडं. नळाचं पाणी दोन दिवस बादलीत उघडं ठेवायचं, त्यातलं ब्लीचिंग उडून जाऊ द्यायचं आणि मगच टाकीत घालायचं. हे सगळं मला माहीत होतं. मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं नाही.

एका सकाळी चहाची बशी त्यांच्या हातातून सुटली. लकवा. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंडात दोनच शब्द उरले होते, हाव आणि न्हाई. तेही कधी उलटसुलट यायचे. पाणी हवं असलं तरी न्हाई म्हणायचे, मग स्वतःवरच चिडायचे. त्यांची खाट मी टाकीसमोर लावली. माशांचं सगळं आता माझ्याकडे आलं. हे पडल्या पडल्या बघायचे. जास्त खाणं पडलं की डोळे मोठे करायचे.

लेक लातूरला दिलेली आहे. ती दोन दिवसांसाठी आली होती. निघायच्या दिवशी चार दिवसांनी नळ आला. पिंप भरायचं, कपडे धुवायचे, हिला बसच्या वेळेत जेवू घालायचं, अशी सगळी एकच गडबड. टाकीचं पाणी हिरवट गढूळ झालं होतं. दोन दिवस उघडं ठेवलेलं पाणी घरात नव्हतं. मी म्हटलं, नळ आलाच आहे तर आजच उरकून टाकू. लेक बादल्या भरून देत होती, मी ओतत होते. जुनं पाणी जवळजवळ सगळं काढलं होतं.

हे खाटेवरून म्हणाले, "न्हाई."

"हो, आले. जरा थांबा."

"न्हाई, न्हाई."

मला वाटलं, लघवीला लागली असेल. मी बादली ठेवून भांडं घेऊन गेले, तर त्यांनी डाव्या हाताने ते ढकललं. "मग कशाला ओरडून राहिलात?" मी रागावून म्हणाले, आणि उरलेल्या दोन बादल्या ओतल्या.

दुपारी लेकीला बसमध्ये बसवून आले तर मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. मी धावत पिंपातलं पाणी आणलं आणि अर्ध्यावर थांबले. तेही त्याच नळाचं. चार वाजेपर्यंत एकेक करून सगळे तळाला गेले. आधी पिल्लं, मग नर, मग माद्या. हे बघत होते. मी त्यांची खाट वळवायला गेले तर त्यांनी काठ धरून ठेवला. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. त्यांचा डावा हात माझ्या डोक्यावर आला, तो मला सहन झाला नाही.

एकच मादी वाचली. नर तिला फार छळत होते म्हणून चार दिवसांपूर्वी मी तिला बरणीत काढून ठेवलं होतं. बरणी मी त्यांच्या उशाशी आणली. "एवढीच राहिली," मी म्हणाले, "उद्या दुकानातून नर आणते."

"न्हाई." आणि डावा हात पोटावर ठेवला. मग एक बोट, दोन, तीन.

"पोट दुखतंय?"

"न्हाई!" डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलेच. दुकानवाले चाचा ह्यांना वर्षानुवर्षं ओळखणारे. मी झालेलं सांगितलं, नर मागितला. ते म्हणाले, "बाई, नर कशाला? एकदा नर लागला की मादी तीन-चार बार पिल्लं देती, मधी नर नसला तरी. उसके पेट में सब रहता. तुमच्या साहेबांना मालूम हाय की."

मी रिकाम्या हाताने घरी आले. खाटेजवळ बसून विचारलं, "तुम्ही कालपासून हेच सांगत होतात का? तिच्या पोटात अजून तीन बाळंतपणं आहेत म्हणून?"

"हाव," ते म्हणाले. चेहऱ्याची डावी बाजू हसली. आजारपणात माझ्या एका प्रश्नाला त्यांचं नेमकं उत्तर मिळालं, असं ते एकदाच.

काळा डाग गडद होत होता, तेवढ्यात ह्यांना दुसरा झटका आला. दवाखान्यात नऊ दिवस काढले. मी सकाळी घरी येऊन अंघोळ करायची, मादीला चिमूटभर खाणं टाकून परत जायची. शेवटचे दोन दिवस तेही जमलं नाही. मग माणसांनी घर भरलं. कोणीतरी बरणी उचलून स्वयंपाकघरातल्या फडताळावर ठेवली होती. ती मला तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर दिसली. मादीचं पोट सपाट होतं. शेवाळात दोन पिल्लं लपलेली, बाकीची तिनं खाल्ली होती. भुकेलीच होती ती. मी तिला गाळणीने बाहेर काढलं, अंडं उकडलं. सुतकात अंडं उकडतेय म्हणून जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. मी पिवळं फडक्यातून पिळलं. तरी त्यातलं एक पिल्लू आठवड्यात गेलं.

महिन्याभराने ती पुन्हा व्याली. त्या दिवशी मी सकाळपासून समोरच बसून होते. सात पिल्लं झाली, सातही वाचवली. तिसऱ्या वेळी मात्र तिला जमलं नाही. पोट फुगलेलंच राहिलं आणि ती गेली.

वर्षश्राद्धाला लेक आली तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. तिला मी फोनवर मासे रोगाने मेले असं सांगितलं होतं. म्हणाले, "तुझे बाबा न्हाई म्हणत होते आणि मी त्यांच्यावरच ओरडले गं."

तिनं टाकीकडे बघितलं. मग म्हणाली, "आई, रोगाचं मला तेव्हाच खोटं वाटलं होतं. बाबा तुझ्याकडं बघतच नव्हते. बादलीकडं बघत होते. मला दिसलं होतं. वाटलं, सांगावं. पण बस चुकली असती."

मी तिला जवळ ओढलं. वर्षभर आम्ही दोघी एकाच गोष्टीसाठी, एक नांदेडला आणि एक लातूरला, वेगवेगळ्या रडत होतो.