घरात कुणाला खोकला आहे का?

अंबिका चौलची. वडील गेले तेव्हा तिची धाकटी बहीण कल्पिता अजून पाळण्यात होती. आई सरकारी कचेरीत नोकरीला लागली आणि त्या तान्ह्या पोरीला न्हाऊमाखू घालणं, मऊ भात भरवणं, पुढे शाळेत नेऊन सोडणं हे सगळं अंबिकेवर आलं. त्याचं ओझं तिला कधी वाटलं नाही. कल्पिता ‘आई’ म्हणायच्या आधी ‘ताई’ म्हणायला शिकली, हे ती लग्नानंतरसुद्धा किहीमच्या शेजारणींना कौतुकानं सांगायची.

किहीमला तिचं चांगलं बस्तान बसलं. नवरा, वरद, अलिबागच्या शाळेत गणित शिकवायचा. घरामागच्या नारळीच्या वाडीत त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना अंबिका जेवू घालायची. तिच्या हातच्या वालाच्या बिरड्यासाठी माणसं मुद्दाम फोन करून यायची. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली सई आता बालवाडीत जात होती. दिवसभर वाडीभर हुंदडायची आणि पाहुण्यांना आपली कोंबडी दाखवत फिरायची.

त्या वर्षी दिवाळी आटोपली आणि आईचा फोन आला. कल्पिताचं लग्न हरिहरेश्वरच्या अजेयशी ठरलं होतं. मुलाच्या घरची देवळाजवळ खानावळ होती, यात्रेकरूंना राहायला खोल्या होत्या. लग्न वैशाखात करायचं होतं. आई म्हणाली, “पोरीला मध्यंतरी टायफॉइड होऊन गेला. पार उतरलीय. हवापालटाला तुझ्याकडे धाडते. तुझ्या हाताखाली चार पदार्थही शिकेल.” टायफॉइड झाल्याचं आपल्याला आधी का सांगितलं नाही, असं अंबिकेनं विचारलं. तुला कशाला घोर, असं म्हणून आईनं विषय बदलला.

कल्पिता आली ती खरोखरच वाळलेली. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. अंबिकेनं तिला पूर्वी भरवायची तसंच भरवायला घेतलं. सकाळी नाचणीची पेज, दुपारी ताजं मासळीचं कालवण, झोपताना खजूर घातलेलं दूध. सई तर मावशीला क्षणभर सोडेना. एका ताटात जेवायची, मावशीच्या कुशीत शिरून झोपायची. दोघींना तशा झोपलेल्या पाहून अंबिकेला भरून यायचं. आपण जे कल्पिताला दिलं ते कल्पिता आता आपल्या लेकीला देते आहे, असं तिला वाटायचं.

काही आठवड्यांनी कल्पिताला संध्याकाळचा खोकला सुरू झाला. “चुलीचा धूर सोसत नाही ग ताई, ॲलर्जी आहे,” ती म्हणाली. अंबिकेनं तिला त्या दिवसापासून चुलीपाशी बसू दिलं नाही. मध-आल्याचा रस करून दिला. डॉक्टरांकडे जाऊ या म्हणाली, तेव्हा कल्पितानं हसून टाळलं.

माघ सरता सरता सईचं काहीतरी बिनसलं. मोठा ताप नव्हता. संध्याकाळी अंग कोमट लागायचं आणि सकाळी उतरायचं. पण पोर खेळेनाशी झाली. कोंबडीमागे धावायची ती पायरीवर बसून राहू लागली. चिडचिड करायची, ताट सरकवून द्यायची. एवढंसं लेकरू कपाळावर हात ठेवून ‘डोकं दुखतं’ म्हणायचं. मग सकाळी उठल्या उठल्या, पोटात काही नसताना उलट्या सुरू झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागलीय. कल्पितानंच मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढली.

गुण येईना तेव्हा अंबिका सईला अलिबागला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. सोबत कल्पिताही होती. बाईंनी पोट तपासलं, घसा पाहिला, कान पाहिले. वजन घटलंय म्हणाल्या. मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, “घरात कुणाला खोकला आहे का? कुणाला टीबी होऊन गेलाय का?”

“नाही,” अंबिका म्हणाली. आणि मग काहीतरी सुचून कल्पिताकडे पाहत म्हणाली, “हिला थोडा आहे, पण तो धुराचा. ॲलर्जीचा. हो ना ग?”

कल्पिता सईचा काढून ठेवलेला फ्रॉक घडी करत होती. तिनं मान हलवली आणि फ्रॉक पिशवीत घातला.

बाईंनी रक्त तपासायला दिलं. टायफॉइडची शंका घेऊन औषध सुरू केलं आणि बजावलं की उलट्या थांबल्या नाहीत किंवा पोर गुंगीत राहू लागली तर लगेच आणायचं. टीबीची तपासणी त्या दिवशी राहिली. डॉक्टरीणबाईंनी मागाहून स्वतःच सांगितलं, घरात टीबी आहे एवढं कळलं असतं तर त्यांनी त्याच पावली सईला तपासणीला पाठवलं असतं.

पुढचा आठवडा कसा गेला ते अंबिकेला नीट सांगता येत नाही. सई दिवसाही झोपून राहायची. एके दिवशी वरदच्या लक्षात आलं की तिचा उजवा डोळा नाकाकडे वळलाय, तिरळा दिसतोय. दुसऱ्या सकाळी अंबिका तिला फ्रॉक घालायला गेली, तेव्हा मान पुढे वाकवताच पोर किंचाळली. मान लाकडासारखी ताठ झाली होती. आणि तिथेच, अंबिकेच्या मांडीवर, तिला झटका आला. डोळे पांढरे, दात घट्ट मिटलेले, उजवा हात-पाय सारखा थडथडतोय.

अलिबागच्या बाईंनी झटका थांबवणारं इंजेक्शन दिलं आणि तातडीनं मुंबईला न्यायला सांगितलं. मांडव्याहून गाडी बोटीवर चढवली. कल्पिता बंदरापर्यंत आली. तिथे तिला आईचा फोन आला की काय, ती म्हणाली, “आईला बरं नाहीये, मी चौलला जाते.” त्या घटकेला अंबिकेला वाटलं, किती समजूतदार आहे, आपल्यावर आणखी एक काळजी टाकत नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डोक्याचा स्कॅन झाला. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढायचं ठरलं. वरदच्या चुलत्यांनी फोनवरून घाबरवलं होतं, पाठीतलं पाणी काढलं की पोर पांगळी होते. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की तसं काही नसतं, उलट त्या पाण्याशिवाय आजार ओळखता येत नाही. मेंदूभोवती आवरणं असतात, त्यांना जंतूंमुळे सूज येते. कधी कान फुटून पू येतो, तिथून जंतू आत शिरतात. कधी सर्दीपडशासारख्या तापातून, कधी डासांमधून आलेला विषाणू मेंदूलाच सुजवतो. ते आजार बहुतेकदा एक-दोन दिवसांत पोराला आडवं पाडतात, म्हणून आईबाप धावत येतात. टीबीचा मात्र आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतो. आधी नुसती किरकिर, मंद ताप, सकाळची उलटी. आणि ओळखू येईपर्यंत बराच आत शिरलेला असतो. सईला तोच झाला होता. मेंदूत पाणी साठलं होतं, ते वाहून जायला नळी बसवावी लागणार होती.

सईच्या दंडावरची, जन्मानंतर दिलेल्या टीबीच्या लशीची खूण अंबिकेनं त्यांना दाखवली. डॉक्टर म्हणाले, लस पुष्कळ मुलांना वाचवते, सगळ्यांना नाही. आणि मग त्यांनी तोच प्रश्न विचारला.

अंबिका पुन्हा ‘नाही’ म्हणाली.

“आठवून पाहा,” डॉक्टर म्हणाले. “एवढ्या लहान मुलाला हा आजार जवळच्या मोठ्या माणसाकडूनच येतो. दोष द्यायला विचारत नाही मी. त्या माणसानं औषध अर्धवट सोडलं असेल तर जंतू निबर झालेले असतात. मग हिला नेहमीची औषधं लागू पडणार नाहीत. आम्हाला ते आज कळायला हवं.”

तेव्हा कुठं अंबिकेच्या डोळ्यांपुढे कल्पिताच्या त्या घसरणाऱ्या बांगड्या आल्या. ती बाहेर जिन्यापाशी गेली आणि तिनं आईला फोन लावला.

“आई, कल्पिताला टायफॉइड झाला होता की टीबी?”

आई म्हणाली, “औषध चालू होतं तिला. बरी झाली होती अंबू ती. खोकला थांबला होता.”

“माझ्या घरात लहान मूल आहे हे तुला ठाऊक नव्हतं?”

“लग्न ठरलेलं. इथे घरी गोळ्यांची चौकशी करायला सरकारी दवाखान्याच्या आशाताई यायच्या, शेजारीपाजारी विचारायला लागले होते. मी तरी कुठं पाठवणार होते तिला? तुझ्याशिवाय आहे कोण?”

अंबिकेनं फोन बंद केला. रडू आलं नाही. ती तिथेच पायरीवर बसली. वरद आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, “कल्पिताकडून आलंय. आईला माहीत होतं.”

कल्पिताला वरद स्वतः जाऊन घेऊन आला. तिचा बेडका तपासला, त्यात जंतू निघाले. पण नेहमीची औषधं त्यांच्यावर चालत होती. सईची औषधं बदलावी लागली नाहीत. त्या सगळ्या दिवसांत नशिबानं दिलेली तेवढीच एक गोष्ट.

वॉर्डाबाहेर दोघी बहिणी समोरासमोर आल्या. कल्पिता तोंडाला मास्क लावून भिंतीशी उभी होती. किहीमला आल्यावर गोळ्या बंद केल्या, असं तिनं कबूल केलं. बरं वाटत होतं, आणि रोज एवढ्या गोळ्या घेताना ताईनं पाहिलं असतं तर काय सांगायचं, ही भीती होती.

“भीती माझी वाटली तुला?” अंबिकेनं विचारलं. “मी तुला घराबाहेर काढलं असतं?”

“नसतं काढलंस.”

“मग त्या बाईंनी विचारलं तेव्हा का नाही बोललीस? मी तुझ्याकडे पाहून विचारलं होतं.”

कल्पिता खाली बसून रडू लागली. पूर्वी ती रडली की अंबिकेचा हात आपोआप तिच्या डोक्यावर जायचा. या वेळी तो गेला नाही, आणि याचं अंबिकेला स्वतःलाच नवल वाटलं.

सई वाचली. महिनाभरानं शुद्धीत, डोक्याला पट्टी, कातडीखालून पोटापर्यंत गेलेली नळी. उजवा हात-पाय लुळावलेला. अंबिका तिला घेऊन किहीमला परतली. औषधं वर्षभर चालायची होती.

घरी आल्यावर अंबिकेला एका गोष्टीनं पोखरायला घेतलं. अजेयच्या घरी त्याच्या भावाचा रांगता मुलगा होता. कल्पितानं त्यांच्यापासूनही लपवून लग्न केलं तर? आई फोनवर काकुळतीला आली, तू तिकडे तोंड उघडू नकोस, पोरीचं वाटोळं होईल. अंबिकेला ते झेपेना. आपल्या पोटच्या पोरीचं जे झालं ते दुसऱ्या बाईच्या मुलाचं होऊ द्यायचं, हे पाप तिला नको होतं. एका सकाळी सईला वरदपाशी ठेवून ती एसटीनं हरिहरेश्वरला गेली.

खानावळीत अजेयची आई केळीची पानं पुसत बसली होती. अंबिकेनं सांगायला सुरुवात केली. आधी कल्पिताच्या टीबीचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, पानं बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, “अहो, आम्हाला माहीत आहे ते. तुमच्या आईंनी पहिल्या बैठकीतच सांगितलं. लपवलं नाही त्यांनी.”

बाई पुढे म्हणाल्या, “आजार काय कुणालाही होतो. आम्ही एवढंच म्हटलं, आमच्याकडे रांगतं पोर आहे, तेव्हा कोर्स पुरा होईस्तोवर तिनं इकडे येऊ नये. लग्नही त्यापुढेच धरलं. तुमच्या आई म्हणाल्या, काही काळजी करू नका, मी तिला थोरलीकडे ठेवते.” अंबिकेनं सईचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तुमच्या घरी लहान मूल आहे, हे नव्हतं हो सांगितलं त्यांनी आम्हाला.”

परत येताना एसटीत अंबिका खिडकीशी बसली होती. परक्यांना खरं सांगितलं, कारण मागाहून कळलं असतं तर परके लग्न मोडू शकले असते. तोंड उघडू नकोस म्हणाली, तेही गोळ्या सोडल्याचं तिकडे कळू नये म्हणून. त्यांच्या नातवाला जपण्यासाठी आपल्याच आईनं आपल्या घराचा आडोसा केला, आणि नातीचा विचारही तिला शिवला नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. आणि ज्या हातानं कापला त्याच हातानं आपण लहानपणी वेणी घालून घेतली, हेही आठवलं.

कल्पितानं त्यानंतर औषधं नीट पुरी केली. लग्न पुढच्या वर्षी झालं. वरद जेवायच्या वेळेला जाऊन आला. अंबिका गेली नाही.

आई मात्र अधूनमधून किहीमला येते. अंबिका तिला दारातून परत पाठवत नाही. चहा देते, बसायला देते. परवा ती आली तेव्हा अंबिका ओटीवर सईकडून व्यायाम करून घेत होती. उजव्या मुठीत चेंडू धरायचा, मग सोडायचा. मूठ लवकर उघडत नाही. सई आता डाव्या हातानं चित्रं काढते, चालताना पाय ओढते, आणि डोळाही थोडा तिरळाच राहिलाय.

आई ते पाहत होती. मग म्हणाली, “चुकलं माझं अंबू. पण तू ठेवून घेतलं नसतंस तर तिचा संसार मोडला असता.”

“तू मला सांगायचं होतंस,” अंबिका म्हणाली. “मी तिला ठेवून घेतलंच असतं. स्वतः उभी राहून गोळ्या दिल्या असत्या. फक्त सईला दुसऱ्या खोलीत निजवलं असतं. एवढंच करायचं होतं, आई.”

आईनं पदर तोंडाला लावला. अंबिकेनं सईच्या मुठीतली बोटं एकेक करून सरळ केली, चेंडू परत तिच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, “धर बाळा. घट्ट धर.”