रिकाम्या खुर्चीची हजेरी
बंगळूरला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसच्या दारात कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की चेहऱ्याभोवती हिरवी चौकट उमटते, आणि मला राजाजीनगरच्या कॉलेजातली बीसीएची शेवटची तोंडी परीक्षा आठवते. आनेकलहून बसने येणाऱ्या माझ्या मैत्रिणीबरोबर मी चेहरा ओळखून हजेरी लावणारा प्रोग्राम केला होता. परीक्षेच्या तीन आठवडे आधी ती डेंग्यूने गेली. प्रोजेक्टच्या मॅडम म्हणाल्या, "प्रोग्राममधले तिचे फोटो काढून टाक गं, नाहीतर तुलाच त्रास होईल." परीक्षेच्या आदल्या दिवशी मी रडत रडत तिचे सगळे फोटो पुसले, नावही काढलं. परीक्षेच्या दुपारी लॅबमध्ये एसीचा गारठा होता आणि मशिनांची घूं घूं. शेजारची तिची खुर्ची कुणी हलवली नव्हती. मी कॅमेरा सुरू केला. माझ्या चेहऱ्याभोवती चौकट आली, आणि मग त्या रिकाम्या खुर्चीवर, बसल्यावर तिचा चेहरा यायचा तेवढ्याच उंचीवर, दुसरी आली. खाली तिचं नाव, पुढे 'हजर'. बाहेरून आलेल्या परीक्षकांना काहीच ठाऊक नव्हतं. "ही कुठाय? बाहेर गेलीय का?" त्यांनी विचारलं. लॅब सांभाळणारे अण्णा दारातच थिजले. मी कॅमेऱ्याची वायरच उपटली. पुढे मी पास झाले. एखादी जुनी फाइल राहून गेली असेल, असं सगळे म्हणाले; मीही तेच म्हणते. पण तीन वर्षं जिच्या डब्यातलं खाल्लं, तिलाच मी त्या दिवशी घाबरले, हे काही अजून मनातून जात नाही.