काकूंचा रेडिओ आणि माकडाने फिरवलेली छतरी

मंडळी, आज सकाळी मी आमच्या घरमालकीणकाकूंना मनोमन हात जोडले!

आम्ही राहतो बनारसला, संकठा घाटाजवळ. इथे मराठी रेडिओ उपग्रहावरून टीव्हीच्या छतरीत, म्हणजे डिश अँटेनात, येतो. काकू स्वयंपाक करतात सोवळ्यात, कशाला हात लावत नाहीत. म्हणून टीव्हीचा आवाज ब्लूटूथने स्वयंपाकघरातल्या खुंटीवरच्या छोट्या स्पीकरवर!

आज तो मध्येच गप्प झाला.

काकू मला म्हणाल्या, "माकडानं छतरी फिरवली बघ. स्पीकर खिशात घालून छतावर जा. हळूहळू फिरव, आवाज आला की थांब."

एरवी यासाठी खालून कुणाला तरी ओरडावं लागतं. आज माझा खिसाच बोलला!

स्पीकर खुंटीला अडकवतोय तोच बातमी लागली, पुण्यात गारठा वाढला. काकू कळवळल्या, "आपल्याकडे फार थंडी पडली रे!"

काकूंचा जन्म काशीतला. पुणं त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

तुमचं 'आपल्याकडे' कुठलं?